डावा स्पीकर, उजवा स्पीकर

संत्र्याच्या बागा फुलल्या की आमच्याकडची माणसं टीव्ही विकत घ्यायला निघतात. नव्या माणसाला या दोन गोष्टींचा मेळ लागणार नाही, पण मधला दुवा सणाचा आहे. पेसाह हा आम्हा यहुद्यांचा वसंतातला सण, त्यात पाव वर्ज्य; तो तोंडावर आला की घरातला पावाचा शेवटचा चुरा झाडून काढायचा, भांडी बदलायची, गाद्या उन्हात टाकायच्या. आणि एवढं घर उपसून झालं की त्या लखलखीत खोलीत जुना टीव्ही फारच केविलवाणा दिसू लागतो. दुकानदार याचीच वाट बघत असतात. इस्राएलातल्या लोद गावच्या आमच्या इमारतीतल्या पत्रपेट्या या दिवसांत सेलच्या रंगीत कागदांनी तुडुंब भरतात. परवा त्यातला एक माझ्या हाताला लागला. भिंतीवर टांगायचे पातळ टीव्ही, वीतभर उंचीचे स्पीकर आणि जिकडे तिकडे उद्गारचिन्हं. जिन्यातच उभा राहून मी तो अथपासून इतिपर्यंत वाचला, चष्मा कपाळावर ढकलून बारीक अक्षरंही वाचली, आणि घडी करून कचऱ्यात टाकला. एके काळी असा कागद आला की माझा अख्खा आठवडा त्यात जायचा.

या विषयावर माझी मतं आहेत आणि ती ठाम आहेत. मुंबईहून इकडे आल्यापासून लोदच्या विमानतळाच्या वर्कशॉपमध्ये तारा जोडण्यात माझी हयात गेली, त्यामुळे यंत्राची भीती नाही. आवाजाचं वेड तर त्याच्याही आधीचं, भायखळ्याला शेजाऱ्यांकडे रेडिओग्राम आला तेव्हापासूनचं. पण खरं सांगायचं तर हा छंद बराचसा कागदावरचा होता. मी मासिकं वाचायचो, दुकानांच्या काचेला नाक लावायचो आणि दुसऱ्यांना सल्ले द्यायचो. थेट हैफापर्यंत आमच्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या यहुदी, लोकांत कुणाला सेट घ्यायचा असला की फोन मला यायचा. मग मी त्यांच्या गाडीत बसून जायचो, दुकानदाराशी हुज्जत घालायचो, त्यांच्या घरी तारा लावून द्यायचो, चहा पिऊन परत यायचो. माझ्या स्वतःच्या घरात एक स्पीकरवाला टेपरेकॉर्डर होता आणि त्याचं झाकण रबरबँडनं बांधलेलं होतं. बायको म्हणायची, गावाला वाटतोस आणि घरात उपास.

तर मतं. पहिलं म्हणजे स्पीकर आधी ठरवावेत, बाकीचं सगळं त्यांच्या मागून. लोक उलटं करतात. लुकलुकणाऱ्या दिव्यांचा अँप्लिफायर आधी घेतात आणि उरलेल्यात बसतील ते स्पीकर. दुसरं, खोक्यावर लिहिलेल्या वॅटच्या आकड्यावर मुळीच विश्वास ठेवू नये. तो आकडा कुणी, कुठे, कसा मोजला, हे देवालाच ठाऊक. तिसरं, दुकानात हेलिकॉप्टर ऐकू नये. नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा होम सिनेमाची लाट आली होती, पाच पेट्या आणि जमिनीवर एक बादलीसारखा ठोकळा, आणि प्रत्येक दुकानात एकच प्रयोग चालायचा: दिवे मालवायचे आणि गिऱ्हाइकाच्या डोक्यावरून हेलिकॉप्टर न्यायचं. लोक भारावून जायचे. लोदमध्ये राहणाऱ्या माणसाच्या डोक्यावरून दिवसभर खरी विमानं जातात, ती फुकट. मी म्हणायचो, माणसाचा आवाज लावा. साधा, बोलणारा माणूस. तो जर समोर बसलाय असं वाटलं तर स्पीकर चांगला, नाहीतर पुढचं दुकान.

व्हिडिओच्या बाबतीतही तेच. सुटसुटीत म्हणून टीव्ही आणि व्हीसीआर एकाच खोक्यात घेणाऱ्यांची मला कीव यायची, कारण एक बिघडला की दुसराही दुरुस्तीला जातो. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी लग्नाच्या कॅसेटी पाठवल्या की इथे त्या काळ्यापांढऱ्या दिसायच्या, नाहीतर नुसत्याच फडफडायच्या. म्हणून सगळ्या देशांची कॅसेट चालेल असाच व्हीसीआर घ्या, हे मी घसा फोडून सांगायचो. कुणी ऐकायचं नाही आणि मग नवरी पांढरी, नवरा काळा आणि दोघांच्या मधून एक रेघ वर सरकतेय, असं लग्न सगळे मिळून बघायचे.

आणि एक गोष्ट कुठल्याच मासिकात छापून येत नाही, ती माझी स्वतःची. इथल्या घरांत जमिनीला फरशी, भिंती उघड्या, छत काँक्रीटचं. थंडीत आपण गालिचे अंथरतो, तेव्हा आवाज कसा मऊ असतो. पेसाहची साफसफाई झाली की गालिचे झटकून, गुंडाळून माळ्यावर जातात ते थेट पुढच्या पावसाळ्यापर्यंत; इथे पाऊस थंडीतच पडतो. त्याच दिवशी घराचा आवाज बदलतो. भांडं पडलं तर दुप्पट वाजतं, हाक मारली तर भिंतीवरून परत येते. म्हणजे जो सेट लोक हिवाळ्यात ऐकून पसंत करतात तो वसंतात घरी येऊन केकाटायला लागतो, आणि मग दोष दुकानदाराला.

हा बदल घरात माझ्याखेरीज फक्त आईला कळायचा. गालिचा उचलला की ती खुर्चीतून म्हणायची, "उघडंबोडकं वाटतंय रे घर."

आईला दिसत नव्हतं. आधी एका डोळ्यानं, मग दुसऱ्यानंही दगा दिला, आणि शेवटची काही वर्षं ती पूर्ण अंधारात होती. पाय अधू झाल्यामुळे घराबाहेर जाणं बंद. उरले होते कान, आणि ते मात्र लख्ख. जिन्यात कोण चढतंय ते ती पावलांवरून सांगायची. माझी मुलगी इलाना सैन्यातून सुट्टीवर आली की दार वाजायच्या आधी आई हसायला लागलेली असायची. आई मूळची अलिबागेकडची, मग मुंबईची, आणि फार उशिरा, अगदी म्हातारपणी, माझ्यामागून इथली. तिची एकच बहीण, माझी मावशी, मुंबईतच राहिली.

दोघी बहिणी कीर्तनं करायच्या. आमच्या लोकांत हे जुनं आहे: पवित्र शास्त्रातली आख्यानं, योसेफाची, मोशेची, मराठी चालींवर बसवलेली. आई आणि मावशी यांचे आवाज एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं असे होते. लहानपणी दाराबाहेरून हाक आली की आम्ही गोंधळायचो. पुढे फोनवर तर मी कितीदा मावशीला आई समजून माझं सगळं रडगाणं ऐकवलेलं आहे, आणि शेवटी पलीकडून, "अरे मेल्या, मी मावशी," असं यायचं. गाताना तर वडीलसुद्धा फसायचे. इथे आल्यावर आई कधी गायली नाही. कुणी आग्रह केला तर म्हणायची, "एकटीनं काय गायचं?"

आई इकडे यायला निघाली त्या वेळी मुंबईच्या घरी मलिदा केला होता. प्रवासाआधी एलियाहू नबीच्या नावानं करतात तसा: भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, फळं. त्या संध्याकाळी दोघी शेवटचं एकत्र गायल्या, आणि मावशीचा मुलगा सोलोमन आखातातून रेडिओ आणि टेप एकत्र असलेला नवाकोरा टू-इन-वन घेऊन आला होता, त्याच्यावर त्यानं ते टेप केलं. दोघी यंत्राच्या दोन बाजूंना बसलेल्या, हातात टाळ. ती कॅसेट आईनं साडीत गुंडाळून आणली. पुढे मावशी वारली तेव्हा आईला जाता आलं नाही, बातमी फोनवरच आली. तेव्हापासून ती आमच्या रबरबँडवाल्या टेपरेकॉर्डरवर तीच कॅसेट लावून बसायची.

एका हिवाळ्यात तिनं मला जवळ बोलावलं. "बेनी, ह्याच्यात दोघींचा गोळा झालाय रे. माजाच आवाज तिच्या आवाजावर बसलाय. मला ती आयकू येत नाय. मी आयकू येते. मला मला आयकून काय करायचंय?"

मला एकदम उजेड पडला. टू-इन-वनला दोन टोकांना दोन माइक असतात. म्हणजे कॅसेटवर एक बहीण एका बाजूला आणि दुसरी दुसऱ्या बाजूला असणार. आमच्याच यंत्राला एक स्पीकर, म्हणून त्यात दोघी एकावर एक कोसळत होत्या. वॉकमन मागून आणला, हेडफोन लावून थोडंसं ऐकलं आणि खात्री करून घेतली. एक आवाज इकडे, एक तिकडे, स्पष्ट. कोण कुठली ते मी विचारलं नाही, सांगणारी समोर बसलेली होती. आईच्या कानांवर हेडफोन चढवायला गेलो तर तिनं दोन्ही हातांनी ढकलला. "डोळे गेले ते गेले, आता कानपण बांधतोस?" ते काही चालणार नव्हतं. तिला खोलीत बसून ऐकायचं होतं, माणसं बसतात तशी समोर बसलेली बहीण तिला हवी होती.

आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःच्या घरासाठी सेट बघायला निघालो, आणि असा निघालो की ज्यांना मी इतकी वर्षं सल्ले दिले त्यांनी मला हसावं. तेल अविवच्या दुकानांतून मी तो सगळा हिवाळा घासाघीस करत काढला. कॅसेट आई घराबाहेर जाऊ देईना, म्हणून रेडिओवरच्या बातम्या टेप करून घेऊन जायचो. एका दुकानातला विक्रेता, रशियातून आलेला उंच माणूस, डोक्याला हात लावून म्हणाला, "तू बातम्या ऐकायला स्पीकर घेतोयस? बातम्या तर वाईटच असतात, त्या छोट्या रेडिओवरच बऱ्या." मी म्हटलं, माणूस समोर बसलाय असं वाटलं पाहिजे. त्यानं हेलिकॉप्टर बंद केलं आणि मला तासभर एकटं सोडलं. त्याच दुकानात सापडले. दोन लाकडी पेट्या, ना लखलखाट, ना दिवे. सोबत साधा अँप्लिफायर आणि चांगला कॅसेट डेक. पेसाहच्या सेलमध्ये ठरवले. इथे कुणीच शहाणा माणूस सेलच्या आधी घेत नाही. सणाआधी घरपोच देतो म्हणाले. सणाच्या गर्दीत ट्रक अडकला आणि सामान आलं ते आठवडाभराच्या सणाच्या मधल्या दिवसांत.

आणि तोवर ओमेर सुरू झाला होता.

पेसाहपासून शावुओतच्या सणापर्यंत रोज संध्याकाळी प्रार्थना म्हणून दिवस मोजतात, त्याला ओमेर म्हणतात. हे दिवस शोकाचे मानतात. लग्न नाही, केस कापणं नाही, गाणंबजावणं नाही. मधेच लाग बाओमेर येतो, त्या दिवशी मैदानांत शेकोट्या पेटतात आणि गाण्यावरची बंदी उठते. अर्धा देश यातलं काही पाळत नाही. आमच्या इमारतीत तर ज्याच्या त्याच्या खिडकीतून गाणी ऐकू येत होती. मी खोकी फोडली, तारा लावल्या, पेट्या भिंतीपासून हातभर पुढे ओढून आईच्या खुर्चीकडे किंचित वळवल्या, आणि कॅसेट मागितली.

"लाग बाओमेर झाल्यावर," आई म्हणाली.

मी म्हटलं, आई, हे तर शास्त्रातलं कीर्तन आहे, नाचगाणं थोडंच आहे.

"टाळ हायत त्यात. टाळ म्हणजे वाद्य आलं."

सणाच्या मधल्या दिवसांत तरी चालतं असं म्हणणारे आहेत, मी म्हटलं.

"म्हणणारे म्हणू देत."

मग मी हुकमी पान टाकलं. "अलिबागेला कधी कुणी पाळलं होतं का हे? आजीला ठाऊक तरी होतं? आपल्याकडे तर या दिवसांत लग्नं व्हायची!"

आई म्हणाली, "तिथं आपल्याला कोण इचारत नव्हतं, बेनी. इथं इचारतात."

आमची माणसं इथे आली तेव्हा त्यांना खरंच विचारलं गेलं होतं, तुम्ही पुरते यहुदी आहात का, लग्न लावून देण्याइतके. तो वाद केव्हाच मिटला. इलानाला तो कुणीतरी शाळेत शिकवला तेव्हाच कळला, आणि तिनं खांदे उडवले. पण आईच्या मनात तो प्रश्न दारात उभा असल्यासारखा कायम होता. इथे आल्यावर सिनॅगॉगमधल्या मोरोक्कोच्या, येमेनच्या बायका जे जे पाळतात असं तिनं ऐकलं, ते ते तिनं उचललं आणि त्यांच्यापेक्षा दोन बोटं जास्तच पाळलं. शेजारच्या मोरोक्कोवाल्या बाई ओमेरमध्ये खुशाल रेडिओ लावून फरशी पुसायच्या. त्यांना कुणी विचारणार नव्हतं. आई अंधारात बसून दिवस मोजायची, कारण कुणी विचारलंच तर उत्तर तयार असावं.

मी पुन्हा तोंड उघडलं तर इलानानं हिब्रूतून मला अडवलं. "अबा, दी. ताअझोव ओता." बाबा, पुरे, सोड तिला. मग आजीच्या खुर्चीच्या हातावर बसून म्हणाली, "साव्ता," म्हणजे आजी, "लाग बाओमेरला मी सुट्टी काढते. आपण दोघी ऐकू." आईला हिब्रू अर्धंमुर्धं कळायचं, पण हे कळलं. तिनं नातीचा हात धरून ठेवला.

गाणं बंद, पण बोलणं चालत होतं. म्हणून त्या दिवसांत आमच्या नव्या सेटवर फक्त बातम्या आणि भाषणं वाजली. पहिल्या दिवशी बातम्या लागल्या आणि आई दचकली. "कोण आलंय?" मी म्हटलं, कुणी नाही, रेडिओ. "नाय, इथं मध्ये उभा हाय. बाप्या माणूस, जाडा." मी तिला हाताला धरून मधल्या रिकाम्या जागेत नेलं. तिनं हवेत हात फिरवला, मग डाव्या पेटीवर ठेवला, मग उजव्या, आणि लहान मुलीसारखी हसली. मी इतकी वर्षं लोकांना जे समजावून थकलो होतो ते तिला एका क्षणात समजलं. पुढे एकदा श्रुतिका लागली, त्यात नवराबायको भांडत होते, तो एका पेटीतून, ती दुसऱ्या पेटीतून. शब्द आईला फारसे कळत नव्हते, तरी ती मान इकडून तिकडे वळवत शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग म्हणाली, "अशाच बसलो होतो आमी."

"मावशी कुठल्या बाजूला होती?" मी विचारलं.

"वाजवशील तवा सांगते. आता नाव नको काढू, मग मन राहत नाय."

आनंद कशाला म्हणतात असं मला कुणी विचारलं तर मी ते दिवस सांगेन. कॅसेट कपाटात, सेट तयार, आई खुर्चीत, आणि रोज संध्याकाळी ओमेरची प्रार्थना झाली की तिचं एक समाधानानं मान हलवणं. मला वाटायचं, एवढी वाट बघितली आहे, आणखी थोडी. बाहेर हमसिन सुरू झाला होता, वाळवंटाकडून येणारा तो पिवळा, कोरडा वारा; खिडक्या बंद केल्या तरी धूळ आत यायची आणि मी रोज सकाळी मऊ फडक्यानं डेकवरची धूळ पुसायचो.

अशाच एका हमसिनच्या दुपारी आई जेवून आडवी झाली ती उठली नाही. लाग बाओमेर अगदी जवळ आला होता. इमारतीतली मुलं शेकोटीसाठी फळकुटं ओढत नेत होती, त्यांचा फरफटण्याचा आवाज जिन्यातून येत होता. तिनं तो ऐकला असणार. तिच्या कानांतून काही सुटत नसे.

शिव्हाचे, म्हणजे आमच्या सुतकाचे, पहिले सात दिवस आम्ही जमिनीलगत बसलो. मृताच्या घरी आरसे झाकतात. चेहरा दिसू नये म्हणून कुणीतरी टीव्हीवरही चादर टाकली, आणि सेट त्याच्या शेजारीच होता म्हणून त्या चादरीचं एक टोक त्याच्यावरही गेलं. त्याच दिवसांत लाग बाओमेर आला. मैदानात शेकोट्या पेटल्या, धुराचा वास घरभर झाला, आणि एकदम चारही बाजूंनी गाणी सुरू झाली, जणू सगळं गाव दम धरून बसलं होतं. इलाना म्हटल्याप्रमाणे सुट्टी काढून आली होती. ती माझ्या शेजारी फरशीवर बसली, आणि आम्ही दोघं दुसऱ्यांचे स्पीकर ऐकत राहिलो. काही फारच वाईट होते. एरवी मी सांगितलं असतं.

आईबापाचं सुतक आमच्यात वर्षाचं. वर्षभर गाणं ऐकायचं नाही. मी एरवी फारसा सोवळा नाही, पण तिच्यासाठी पाळलं, कुणी विचारलं असतं तर उत्तर माझ्याकडेही तयार होतं. मृतासाठीची प्रार्थना, कद्दिश, म्हणायला सिनॅगॉगला जायचो, परत येऊन बातम्या लावायचो. गालिचे खाली आले, पावसाळा गेला, गालिचे पुन्हा वर गेले. लोकांचे फोन यायचे, बेनीभाऊ, होम सिनेमा घेऊ का, डीव्हीडी घेऊ की थांबू? मी म्हणायचो, घ्या, काय हवं ते घ्या. माझ्या सल्ल्यातला जीवच गेला होता. विकत घेतलेली प्रत्येक वस्तू पुढच्या कुठल्यातरी संध्याकाळसाठी असते, आणि ती संध्याकाळ कुणी विकत देत नाही. दुकानात हेच कुणी सांगत नाही, आणि मीही इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

त्या वर्षी आमच्या पंचांगात अधिक महिना होता, त्यामुळे सुतकाचे बारा महिने ओमेर लागायच्या आतच संपले, पुन्हा संत्र्याचा मोहोर होता तेव्हा. मी कॅसेट काढली. बायको आणि इलाना दोघी येऊन बसल्या. आईची खुर्ची आम्ही रिकामी ठेवली, कारण पेट्या तिच्याच दिशेनं वळवलेल्या होत्या. डेकचं बटण दाबलं. आधी खोलीतली कुजबुज, भांड्यांचा आवाज, कुणाचं तरी खोकणं. मग टाळ. आणि मग दोघी.

मी निवडलेले स्पीकर चांगले होते, एवढं आता मला म्हणता येतं. गोळा सुटला होता. एक बाई डावीकडे बसलेली होती, एक उजवीकडे, मध्ये हात फिरवावा एवढी मोकळी जागा. एक श्वास घ्यायची तेव्हा दुसरी ओळ उचलायची. बांगड्यांचा आवाजसुद्धा वेगवेगळा. मी वाट बघत बसलो की आता कळेल, पुढच्या ओळीला कळेल. ओळी संपत गेल्या.

"डावीकडची आई," बायको म्हणाली.

इलानानं नाही म्हणून मान हलवली. "लो. साव्ता इकडे आहे," तिनं उजवीकडे बोट दाखवलं, आणि मग बोट हळूच खाली घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी मुंबईला सोलोमनला फोन केला. तो म्हणाला, "मावशी माझ्या उजव्या हाताला होती, बेनीभाऊ, शंभर टक्के." मावशी म्हणजे माझी आई. मी विचारलं, तू यंत्राच्या पुढे होतास की मागे? "ते कुणाला आठवतंय रे," तो म्हणाला. "हे लक्षात ठेवावं लागेल असं कुणाला वाटलं होतं? आणि तेव्हा सांगणाऱ्या दोघी होत्याच की."

अँप्लिफायरवर बॅलन्सचं एक बटण असतं. मासिकांत लिहितात की त्याला हात लावू नये, ते मध्येच असावं. मीही लोकांना तसंच सांगत आलो. हे बटण डावीकडे पूर्ण फिरवलं की उजवी पेटी गप्प होते, आणि खोलीत एकच बाई गायला लागते. हे मला आईसाठी करायचं होतं. तिची बहीण तिला एकटी ऐकवायची होती, स्वतःच्या आवाजाखालून सोडवून. आता मी ते माझ्यासाठी करतो. दर वर्षी ओमेर लागायच्या आत, घरात कुणी नसताना. डावीकडे फिरवतो, एक बाई योसेफाला विहिरीत टाकल्याचं गाते. उजवीकडे फिरवतो, तीच ओळ, तोच गळा, तीच कोकणातली लकब. त्यातली एक माझी आई आहे. साठी उलटलेला मी त्या दोन पेट्यांच्या मध्ये उभा राहतो, आणि तिला हाक मारावीशी वाटते, आणि तोंड कुणीकडे करून मारू ते मला कळत नाही.